नव्या महिला फुटबॉल संघाची झेप : शिडी कोणाची आणि चढणारे कोण?

मधली_फळी (धागाकर्ता)

इटलीतील युव्हेंटस या बड्या क्लबाने २०१७ च्या उन्हाळ्यात महिलांचा वरिष्ठ संघ स्थापन केला आणि त्या संघाने पदार्पणाच्याच हंगामात देशाचे विजेतेपद पटकावले. त्यानंतरची चार वर्षेही विजेतेपद युव्हेंटसच्या तूरिन शहरातच राहिले. २०२०-२१ च्या हंगामात तर या संघाने साखळीतील २२ च्या २२ सामने जिंकले. नव्या संघाच्या उदयाची याहून देखणी गोष्ट सापडणे अवघड आहे, आणि म्हणूनच ती सांगितली जाते तशी मान्य करण्याआधी जरा उलटसुलट करून पाहावी, असे मला वाटते.

हा संघ तळाच्या श्रेणीतून एकेक पायरी चढत वर आलेला नाही. कुनेओ येथील महिला संघाचा परवाना युव्हेंटसने आपल्याकडे घेतला आणि त्या आधारावर थेट पहिल्या श्रेणीत, म्हणजे सेरी आ मध्ये, प्रवेश मिळवला. खेळाडूंचा कणाही नव्याने घडवलेला नव्हता. बार्बरा बोनान्सेआ, सारा गामा, मार्टिना रोसुची आणि चेचिलिया साल्वाई या चौघी ब्रेशा संघातून आल्या, आणि ब्रेशा म्हणजे २०१४ व २०१६ चा विजेता संघ. प्रशिक्षक रीटा ग्वारिनो यांच्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही, कारण जमवलेल्या अकरा जणींचा संघ होतोच असे नाही. तरीही ज्या संघाला जन्मतःच अव्वल श्रेणीतील जागा आणि राष्ट्रीय संघातील बचावफळी मिळते, त्याची वाटचाल शून्यापासून मोजणे मला योग्य वाटत नाही.

खरी चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. २०१७-१८ चा हंगाम संपला तेव्हा युव्हेंटस आणि ब्रेशा समान गुणांवर होते, त्यामुळे विजेता ठरवण्यासाठी २० मे २०१८ रोजी नोव्हारा येथे निर्णायक सामना खेळवला गेला. जादा वेळेनंतरही गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये युव्हेंटसने बाजी मारली. ब्रेशाची प्रमुख आघाडीपटू क्रिस्टियाना जिरेल्ली त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसमध्ये दाखल झाली, आणि ब्रेशाचा पहिल्या श्रेणीतील परवाना ए. सी. मिलानने घेऊन आपला महिला संघ उभा केला. ज्या संघाने विजेत्याला शेवटच्या पेनल्टीपर्यंत झुंजवले, तो पुढच्या हंगामात त्या श्रेणीत उरलाच नाही. एका वर्षाच्या अंतराने दोन नव्या संघांचा उदय झाला खरा, पण दोन्हींच्या पायाखाली बऱ्याच अंशी ब्रेशाचीच माती होती.

माझा मुद्दा असा आहे की नव्या महिला संघाचा उदय पहिल्या चषकावरून ठरवू नये. हाताशी पैसा आणि नाव असेल तर पहिला चषक दुसऱ्यांनी घडवलेल्या खेळाडूंच्या जोरावर येऊ शकतो. पाचव्या हंगामात त्या संघात स्वतः घडवलेल्या किती जणी खेळतात आणि ज्यांच्याकडून खेळाडू घेतल्या त्या संघांचे काय झाले, या दोन प्रश्नांवर माझे मत अवलंबून राहील. इतर सदस्यांनी आपापल्या अभ्यासातील उदाहरणे मांडावीत.


निवृत्त_पंच

धागाकर्त्यांनी तपशील अचूक दिले आहेत, पण त्यांचा रोख मला मान्य नाही. ब्रेशाविषयी हळहळताना ब्रेशात खेळणाऱ्या मुलींचा विचार मागे पडतो आहे.

इटलीत कोणता खेळ व्यावसायिक मानायचा हे ठरवण्याचा अधिकार १९८१ च्या कायद्याने क्रीडा महासंघांना दिला होता, आणि फुटबॉल महासंघाने महिलांना व्यावसायिक दर्जा प्रत्यक्षात दिला तो १ जुलै २०२२ पासून. तोवर राष्ट्रीय संघाची कर्णधारसुद्धा कायद्याच्या लेखी हौशी खेळाडूच होती आणि तिच्या मानधनावर वर्षाला सुमारे ३० हजार युरोंची मर्यादा होती. निवृत्तिवेतन नाही, प्रसूतिकाळातील संरक्षण नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर पुढे काय होणार याचे उत्तर कोणाकडेच नाही. अशा परिस्थितीत एका मोठ्या क्लबाने सुसज्ज मैदान, पूर्णवेळ वैद्यकीय पथक आणि सरावाची नीट वेळ देऊ केली, तर बोनान्सेआने कोणत्या निष्ठेपायी नकार द्यायला हवा होता? खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते, आणि जुन्या क्लबाचा इतिहास जपण्याची जबाबदारी तिच्या शिरावर टाकणे अन्यायाचे आहे.

शिवाय २४ मार्च २०१९ चा सामना विसरू नये. युव्हेंटसने फिओरेंटिनाविरुद्धचा सामना आपल्या मुख्य स्टेडियममध्ये खेळवला. प्रवेश विनामूल्य होता हे खरे, पण ३९,०२७ प्रेक्षक आले, आणि इटलीतील महिला क्लब फुटबॉलने तोवर एवढी गर्दी पाहिलेली नव्हती. सोफी युंगे पेडरसनच्या एकमेव गोलने तो सामना युव्हेंटसने जिंकला. महिलांना व्यावसायिक दर्जा देण्याचा निर्णय पुढे ज्या वातावरणात झाला, ते घडवण्यात अशा दिवसांचा वाटा होता. ब्रेशाचे व्यवस्थापन कितीही प्रामाणिक असले तरी हा पल्ला त्याच्या आवाक्यात नव्हता.


उत्तरेचा_वारा

इंग्लंडमधील उदाहरण या चर्चेत चपखल बसते, आणि ते दोन्ही बाजूंना थोडे अडचणीचे आहे.

मँचेस्टर युनायटेडने २००५ मध्ये आपला वरिष्ठ महिला संघ बंद केला होता. त्यानंतर तेरा वर्षे जगातील सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाकडे महिलांचा वरिष्ठ संघच नव्हता. मुलींना घडवायचे आणि वयात आल्यावर दुसऱ्या क्लबांकडे जाऊ द्यायचे, असा सगळा कारभार होता. २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) महिला फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींची फेररचना केली, सर्वांकडून नव्याने अर्ज मागवले आणि युनायटेडला दुसऱ्या श्रेणीत थेट जागा मिळाली. त्याच फेररचनेत संडरलंडला पहिल्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत जावे लागले. लूसी ब्रॉन्झ, जिल स्कॉट, स्टेफ हाउटन, जॉर्डन नॉब्ज आणि बेथ मीड या सगळ्या जणी ज्या क्लबातून पुढे आल्या, त्या क्लबाची ही गत झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉनकास्टर बेल्स संघाने तर २०१७-१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले होते, पण नव्या रचनेचा आर्थिक भार पेलवत नसल्याने त्याने माघार घेतली आणि तोही तिसऱ्या श्रेणीत गेला.

आता युनायटेडचा पहिला साखळी सामना पाहा. ९ सप्टेंबर २०१८ रोजी अॅस्टन व्हिलाचा १२-० असा धुव्वा उडाला आणि त्यांपैकी पाच गोल एकट्या जेस सिग्सवर्थचे होते. ही सिग्सवर्थ आदल्या हंगामात डॉनकास्टर बेल्सकडून खेळत होती आणि त्या श्रेणीत सर्वाधिक गोल तिनेच केले होते. म्हणजे श्रेणीचा विजेता संघ बाहेर पडला आणि त्याची आघाडीपटू त्याच श्रेणीत नव्या जर्सीत गोलांचा पाऊस पाडू लागली. धागाकर्त्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

मात्र याच संघात केटी झेलेम आणि एला टून परत आल्या, आणि दोघीही लहानपणी युनायटेडच्याच मुलींच्या संघात घडलेल्या होत्या. क्लबाने वरिष्ठ संघ ठेवला नसल्याने त्यांना बाहेर जावे लागले होते. तेव्हा या नव्या संघाने काही खेळाडू इतरांच्या घेतल्या आणि काही स्वतःच्याच परत आणल्या. त्या हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद, २०२२-२३ मध्ये पहिल्या श्रेणीत दुसरे स्थान आणि मे २०२४ मध्ये वेम्बली येथे टॉटनहॅमला ४-० असे हरवून एफए चषक, अशी चढती कमान आहे.

चषक जिंकल्यानंतरच्या उन्हाळ्यात काय झाले तेही नोंदवतो. पुरुष संघाच्या सराव-इमारतीचे नूतनीकरण निघाले, पुरुष खेळाडूंना महिला संघाची इमारत वापरायला दिली गेली आणि चषकविजेत्या महिलांची सोय तात्पुरत्या खोल्यांमध्ये करण्यात आली. संघाच्या पहिल्या प्रशिक्षक केसी स्टोनी २०२१ मध्येच पायउतार झाल्या होत्या, आणि सोयीसुविधांविषयीची नाराजी हे त्यामागील एक कारण असल्याचे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. सहा वर्षांत गुणतालिकेतील स्थान बदलले. घरातील स्थान बदलायला त्याहून अधिक वेळ लागतो, असे दिसते.


सहज_वाचक

एक साधी शंका आहे. एवढ्या श्रीमंत क्लबांना सगळ्यांत खालच्या श्रेणीपासून सुरुवात करायला लावले असते तर काय बिघडले असते?


उत्तरेचा_वारा

दोन गोष्टी बिघडल्या असत्या. खालच्या श्रेणींत पाच-सहा वर्षे पंधरा-वीस गोलांच्या फरकाने सामने जिंकले गेले असते, ज्यात कोणाचेच भले नाही. आणि तेवढा काळ खर्च करूनही प्रकाशझोत मिळत नाही म्हटल्यावर संचालकांनी प्रकल्पच गुंडाळला असता, ही शक्यता त्याहून मोठी आहे. परवाना देताना संघटनेने घासाघीस करायला हवी होती, हे मात्र मलाही वाटते.


जुनी_कात्रणे

ज्याच्या मागे ना पुरुषांचा क्लब होता ना विकत घेतलेला परवाना, असा एक संघ इतिहासात आहे आणि त्याची झेप अजून कोणाला गाठता आलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यात युद्धसाहित्य तयार करणाऱ्या कामगार स्त्रियांनी १९१७ मध्ये संघ काढला. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर झालेला त्यांचा सामना पाहायला दहा हजार लोक आले. जखमी सैनिकांसाठी निधी उभारणे हा हेतू होता. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला ५३,००० प्रेक्षक होते, आणि जागेअभावी हजारो लोकांना बाहेरूनच परत जावे लागले. किशोरवयात संघात आलेली लिली पार डावीकडून खेळत असे आणि तिच्या फटक्याच्या ताकदीच्या कथा आजही सांगितल्या जातात.

कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीपासून त्रेपन्न हजारांपर्यंतचा हा प्रवास तीन-चार वर्षांचा आहे, आणि तो थांबवण्यासाठी एक ठराव पुरेसा ठरला. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, हे कारण देण्यात आले, आणि निधीच्या हिशेबावरही शंका घेतली गेली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. संघ मात्र १९६५ पर्यंत मिळेल त्या मैदानावर खेळत राहिला.

म्हणून धागाकर्त्यांच्या दोन प्रश्नांना मी तिसरा जोडतो : मैदान कोणाचे आहे? खेळाडू स्वतः घडवल्या, प्रेक्षक स्वतः मिळवले, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली, तर उदयाची दोरी त्याच्याच हातात राहते. आजचे नवे संघ मोठ्या क्लबांच्या नावाखाली का उभे राहतात, याचे एक उत्तर या इतिहासात आहे.


किनारपट्टी

अमेरिकेतील दोन संघ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, कारण तेथे बढती-पदावनती नाही आणि नवा संघ शुल्क भरून साखळीत येतो. लॉस एंजेलिसचा एंजल सिटी आणि सॅन दिएगोचा वेव्ह हे दोन्ही २०२२ मध्ये एकदमच मैदानात उतरले. एंजल सिटीकडे नामवंत अभिनेत्री आणि माजी खेळाडूंची मोठी मालकमंडळी होती. पहिल्याच हंगामात त्यांच्या घरच्या सामन्यांना सरासरी १९ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, आणि २०२४ मध्ये क्लबाचे मूल्य २५ कोटी डॉलर धरून नियंत्रण नव्या मालकांकडे गेले. पहिल्या तीन हंगामांत बाद फेरी मात्र त्यांनी एकदाच, २०२३ मध्ये, गाठली.

सॅन दिएगोने प्रशिक्षक म्हणून घेतले ते वर उल्लेख आलेल्या केसी स्टोनी यांनाच. आघाडीला अॅलेक्स मॉर्गन होती आणि तिने त्या हंगामात साखळीतील सर्वाधिक १५ गोल केले. पण मला महत्त्वाची वाटते ती बचावफळीतील नेओमी गिर्मा. महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत सर्वांत पहिले नाव तिचे घेतले गेले होते आणि व्यावसायिक पदार्पण तिने याच संघातून केले. पहिल्याच हंगामात बाद फेरी गाठणारा त्या साखळीतील पहिला नवा संघ म्हणजे वेव्ह. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या स्टेडियममधील त्यांच्या पहिल्या सामन्याला ३२,००० प्रेक्षक होते, आणि २०२३ मध्ये साखळीत अव्वल स्थान मिळवून त्यांनी शील्डही जिंकली. जून २०२४ मध्ये निकाल बिघडताच स्टोनी यांना दूर करण्यात आले आणि त्या वर्षी संघ गुणतालिकेत बराच खाली घसरला. जानेवारी २०२५ मध्ये गिर्मा ११ लाख डॉलरांना चेल्सीकडे गेली. महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हस्तांतरण होते.

एका संघाचा उदय प्रेक्षागारात आणि बाजारमूल्यात झाला, दुसऱ्याचा गुणतालिकेत. मला दुसरा अधिक आवडतो, पण संघ चालवायला बसलो असतो तर रात्री झोप पहिल्याच्या मालकीत लागली असती, हेही तितकेच खरे.


गोलखांब

भारतीय साखळीकडेही पाहू. महिलांची राष्ट्रीय साखळी, इंडियन विमेन्स लीग, २०१७ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकले. गोकुलम केरळने महिला संघ काढला तो त्यानंतर, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बंगळुरू येथील अंतिम सामन्यात मणिपूरच्याच क्रिफ्सा संघाला ३-२ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढे २०२२ आणि २०२३ मध्येही विजेते तेच. २०२१ मध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी हा संघ जॉर्डनला गेला तेव्हा अम्मान क्लबविरुद्ध मनीषा कल्याणने गोल केला आणि उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ असे नमवले. मनीषा पुढे सायप्रसच्या अपोलोन क्लबाकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, आणि असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली.

जुनी_कात्रणे यांच्या किल्लीच्या मुद्द्याला येथे जोड मिळते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच आशियाई स्पर्धेच्या पुढच्या पर्वासाठी गोकुलमचा संघ ताश्कंदला उतरला होता. त्याच सुमारास फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले, कारण महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीकडे होता आणि फिफाच्या लेखी तो त्रयस्थाचा हस्तक्षेप होता. निलंबन २६ ऑगस्टला उठले, पण तोपर्यंत खेळाडू एकही सामना न खेळता परतल्या होत्या. त्या हंगामात राष्ट्रीय साखळीतील अकराच्या अकरा सामने जिंकलेला संघ तो. दिल्लीतील कारभाराशी त्या मुलींचा काडीचा संबंध नव्हता.

याहून बोचरे उदाहरण केरळ ब्लास्टर्सचे आहे. त्यांनी जुलै २०२२ मध्ये महिला संघ सुरू केला. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या पुरुष संघाने बंगळुरूविरुद्धचा बाद फेरीतील सामना अर्ध्यावर सोडला, त्याबद्दल महासंघाने क्लबाला चार कोटी रुपयांचा दंड केला आणि जूनमध्ये क्लबाने आर्थिक कारण पुढे करून महिला संघ तात्पुरता थांबवत असल्याचे जाहीर केले. मैदान सोडले पुरुषांनी आणि संघ गेला महिलांचा. निवृत्त_पंच यांना माझा प्रश्न आहे की, मोठ्या क्लबाची सावली मिळाली म्हणजे खेळाडूचे कल्याण झाले, हे गणित येथे कसे बसवायचे?


निवृत्त_पंच

बसत नाही, आणि मी ते बसवणारही नाही. सावली देणाऱ्याने झाड केव्हाही तोडू नये, यासाठी परवान्यातच अट हवी. पुरुष संघाला झालेला दंड महिला संघाच्या अंदाजपत्रकातून वळता करता येणार नाही, एवढे एक कलम लिहायला कोणाची हरकत असावी? पण माझा मूळ मुद्दा तसाच उभा आहे. खेळाडू मोठ्या संघात गेली हा दोष नाही. मोठ्या संघावर पुरेशी बंधने घातली नाहीत हा आहे.


गोलखांब

हे मान्य करता येईल. एक भर घालतो. २०२३-२४ पासून आपली साखळी घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली. त्याआधी सगळे संघ एका ठिकाणी जमून काही आठवड्यांत हंगाम उरकत असत. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी ओडिशा एफसी विजेता झाला, ज्याचा महिला संघ २०२२ मध्येच स्थापन झाला होता. पुढच्या वर्षी ईस्ट बंगालने बाजी मारली, आणि त्यांचे प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज हे गोकुलमला २०२२ व २०२३ ची विजेतेपदे मिळवून देणारेच गृहस्थ होत. म्हणजे खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही एका नव्या संघातून दुसऱ्या नव्या संघात फिरतात. ओडिशाने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीपर्यंत मजल मारली, पण तेथे जपानच्या उरावा संघाकडून १७-० असा पराभव पत्करावा लागला. देशांतर्गत झेप आणि खंडातील वास्तव यांतील अंतर त्या एका निकालात दिसते. दुसऱ्यांच्या खेळाडू एकत्र करून देशातील चषक मिळतो, पण उरावासमोर उभे राहायचे तर बारा-तेरा वर्षांच्या मुलींपासून सुरुवात करावी लागते.


सकाळचा_सराव

त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींना मी शिकवतो, म्हणून लिहितो. आमचा संघ लहान आहे आणि कोणत्याही मोठ्या क्लबाशी जोडलेला नाही. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने कसा थांबवायचा, मागून खेळाडू येत असताना खांद्यावरून आधी कसे पाहायचे, हेडिंग करताना डोळे का मिटायचे नाहीत, हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे घोटून घेतो. मुलीच्या घरच्यांना सराव का हवा हे पटवण्यात जो वेळ जातो तो वेगळाच. मग ती सोळा-सतराची झाली की एखाद्या नव्या, पैसेवाल्या संघाचा फोन थेट तिच्या वडिलांना जातो. आम्हाला कळते ते ती नव्या जर्सीतील छायाचित्र पाठवते तेव्हा. आनंद होतोच, तो खोटा नसतो. पण पुढच्या हंगामात तिच्या जागी उभी करायला मुलगी नसते आणि चेंडू घ्यायला पैसे नसतात.

पुरुष फुटबॉलमध्ये अशा वेळी प्रशिक्षण-भरपाई मिळते. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला किंवा तो तेवीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबात गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना नव्या क्लबाने रक्कम द्यावी, असा फिफाचा नियम आहे. त्याच नियमावलीत ही तरतूद महिला फुटबॉलला लागू नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. युव्हेंटस, युनायटेड, गोकुलम ही सगळी उदाहरणे वाचताना मला वाटले की या धाग्याचे मूळ त्या एका ओळीत आहे.


निवृत्त_पंच

त्या ओळीमागचे कारणही सांगायला हवे. महिला संघांची अंदाजपत्रके इतकी तुटपुंजी होती की भरपाईचा बोजा पडला असता तर क्लबांनी तरुण मुलींशी करार करणेच टाळले असते आणि मुली जागच्या जागी अडकल्या असत्या, अशी ती भूमिका होती. ती भूमिका घेतली गेली तेव्हा तीत तथ्य होते.


मधली_फळी

तथ्य होते, पण आज एका बचावपटूसाठी ११ लाख डॉलर मोजले जात असताना तीच सबब सर्वांना सरसकट कशी लागू करायची? अगदी छोट्या संघांना सूट द्यावी आणि ज्यांची उलाढाल एका मर्यादेपलीकडे आहे त्यांच्याकडून भरपाई घ्यावी. पुरुष फुटबॉलमध्येही क्लबांचे वर्ग पाडूनच रक्कम ठरते, तेव्हा पद्धत नव्याने शोधण्याची गरज नाही.

सकाळचा_सराव यांच्यासाठी एक माहिती. भरपाई लागू नसली तरी एकता-निधीची तरतूद महिलांनाही लागू आहे. व्यावसायिक खेळाडूचे शुल्क देऊन आंतरराष्ट्रीय हस्तांतरण झाले की त्या शुल्काच्या पाच टक्के रक्कम बारा ते तेवीस या वयात तिला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. पहिल्या चार वर्षांसाठी दर वर्षामागे शुल्काच्या पाव टक्का आणि पुढील आठ वर्षांसाठी अर्धा टक्का, असा हिशेब असतो. ११ लाख डॉलरांच्या हस्तांतरणावर पाव टक्का म्हणजे एका वर्षाच्या शिकवणीचे २,७५० डॉलर होतात. अडचण अशी की महिलांची बहुतेक हस्तांतरणे आजही शुल्काविना होतात, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच.

दुसरा मार्ग विश्वचषकाचा आहे. २०१९ च्या महिला विश्वचषकापासून फिफा खेळाडू सोडणाऱ्या क्लबांना पैसे देऊ लागली, आणि त्या वेळी खेळाडूंना लहानपणी घडवणाऱ्या क्लबांसाठीही त्यात वेगळा हिस्सा ठेवला होता.


सकाळचा_सराव

म्हणजे मुलगी विश्वचषकापर्यंत पोहोचली तरच. तरीही विचारतो, हा वाटा मिळायला आमच्याकडून काय लागते?


मधली_फळी

नोंदणी. पैसे ठरतात ते खेळाडूच्या नोंदणी-इतिहासावरून. कोणत्या हंगामात ती कोणत्या क्लबाकडे महासंघाच्या दप्तरी नोंदलेली होती, एवढेच पाहिले जाते. शिकवले कोणी, हे विचारले जात नाही. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाचे पॅरिसमधील समाशोधन केंद्र, म्हणजे क्लबांमधील देणी-घेणी मार्गी लावणारी संस्था, एकता-निधीचे वाटप करते आणि तेही त्याच कागदावर चालते. तुमच्या मुली बाराव्या वर्षी नुसत्या सरावाला येत असतील आणि नोंदणी थेट पंधराव्या वर्षी स्पर्धेपुरती होत असेल, तर मधली तीन वर्षे कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. जिल्हा संघटनेकडे दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची नोंदणी करून घ्या आणि महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत क्लबाचे नाव बरोबर चढले आहे का, ते स्वतः तपासा.


सकाळचा_सराव

आमच्याकडे निम्म्या मुलींची नोंदणी स्पर्धा आली की मगच होते. या हंगामापासून ती जूनमध्येच करून घेतो. जन्मदाखल्यावरील आणि शाळेतील नाव जुळत नाही अशा तीन-चार मुली आहेत. त्यांचे काय करायचे, हे कोणाला ठाऊक असेल तर सांगावे.